दुसऱ्याच्या हातचं सोल्डरिंग

मित्राने माझ्याकडे दिलेला गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, आधीच कुणीतरी ‘सुधारलेला’ होता. १९८९ चं पहिलं मॉडेल, राखाडी, जाडजूड, चार पेन्सिल सेलवर चालणारं. या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्यामुळे हौशी लोक पडद्यामागे बॅकलाइट बसवतात, छटा उठून दिसाव्यात म्हणून ‘बायव्हर्ट’ करतात आणि आवाज स्वच्छ मिळावा म्हणून ‘प्रो-साउंड’च्या वायरी बाहेर काढतात. यात हे तिन्ही बदल केलेले होते आणि तिन्ही अर्धवट. पडद्यावर चारऐवजी दोनच छटा दिसत होत्या, हेडफोनचा डावा कान मुका होता आणि यंत्र जरा तिरकं धरलं की बंद पडायचं. "होईल का काही बघ, नाहीतर दे टाकून," एवढं बोलून मित्र मोकळा झाला.

स्वतः केलेल्या कामात काय कुठे जोडलंय हे निदान आठवत तरी असतं. दुसऱ्याच्या कामात आधी त्या माणसाच्या डोक्यात काय होतं ते शोधावं लागतं. एखादी वायर मुद्दाम तिथे आहे की चुकून, हा डाग त्याचा की कारखान्यातलाच, हे कळायच्या आत आयर्न (सोल्डर, म्हणजे सांधे जोडायचा मऊ धातू, वितळवायचं गरम हत्यार) टेकवला तर पुरावाच वितळतो. म्हणून पहिल्या बैठकीत मी आयर्नची पिनसुद्धा लावली नाही.

बाहेरच्या स्क्रूंना तीन पात्यांची खाच असते, त्यांना ट्राय-विंग ड्रायव्हर लागतो. इथे प्रत्येक खाच साध्या ड्रायव्हरने जोर लावून झिजवलेली होती. आत काय वाढून ठेवलंय याचा अंदाज तिथेच आला. दोन अर्धे भाग एका चपट्या रिबनने जोडलेले असतात. कव्हर ओढून उघडायची घाई केली की आधी तीच फाटते. ती बेताने सोडवली आणि दोन्ही बोर्ड दिव्याखाली घेतले.

पहिली नजर गेली ती वायरींच्या जाडीवर. ज्या पॅडवर, म्हणजे सोल्डर करायच्या तांब्याच्या चकतीवर, केसाएवढी वायर पुरली असती तिथे स्पीकरला लावतात तसली अनेक तारांची जाड वायर डकवलेली होती. नाकापेक्षा मोती जड. अशी वायर कव्हर बंद करताना वळते आणि वळताना सगळा ताण पॅडवर टाकते. सोल्डर तर इतकं ओतलेलं की खाली पॅड किती उरलंय हेच दिसेना. भोवती करपलेल्या फ्लक्सचा (सोल्डर धातूला नीट धरावं म्हणून लावतात त्या द्रव्याचा) तपकिरी चिकटा, वायरींची वितळून मागे सरकलेली वेष्टनं, आणि सगळं जागच्या जागी राहावं म्हणून वरून हॉट ग्लूचा थर. या ग्लूवर माझा राग आहे. तो नीट धरतही नाही आणि काढताना पॅड सोबत घेऊन येतो. अल्कोहोलचे थेंब त्याच्या कडेने सोडून जरा थांबलं तर मात्र तो चिमट्याने पापुद्र्यासारखा सुटतो. ओढाताण करायची नाही.

मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. फोटो मोठा करून बघितला की साध्या डोळ्यांना न दिसणारं बरंच काही दिसतं. मला त्यात एक सुटी तांब्याची तार दिसली, जाड वायरीतून निसटलेली. ती व्होल्टेज बनवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या पायांकडे वाकली होती. गेम बॉयमध्ये हा बोर्ड वेगळा असतो. सेलचे ६ व्होल्ट घेऊन तो सर्किटसाठी ५ व्होल्ट बनवतो आणि पडद्यासाठी उणे १९ व्होल्टच्या आसपासचा पुरवठा. ती तार अजून कशाला टेकली नव्हती. टेकली असती तर ५ व्होल्टवर जगणाऱ्या चिपांना उणे १९ चा झटका बसला असता आणि पुढचं काही लिहायची वेळच आली नसती. चिमट्याने तार कापली.

मग सफाई. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना मऊ ब्रश आणि धागे न सोडणारं कापड. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक लोक ते शेवटी करतात. मी आधी करतो, कारण चिकट्याखाली काय आहे हे दिसल्याशिवाय सांध्याचा निकाल लावता येत नाही. ब्रश फिरवून चिकटा नुसता पसरतो, म्हणून अल्कोहोल ओलं असतानाच कापडाने टिपून घ्यायचं. हेडफोनच्या छोट्या बोर्डावर हिरवट पूड होती. हिरवा रंग म्हणजे तांबं गंजतंय. बहुधा पत्र्याच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स वापरला गेला असावा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याला थारा नको. तो फ्लक्स अल्कोहोलपेक्षा पाण्यात चांगला विरघळतो, म्हणून तेवढा बोर्ड सुटा करून कोमट पाण्याने धुतला, मग अल्कोहोलने पाणी काढलं आणि पूर्ण वाळू दिला.

स्वच्छ झाल्यावर बोर्ड वाचता यायला लागला. व्हॉल्यूमच्या बटणाजवळ दोन पाय एकाच गोळ्यात अडकलेले दिसले. वाटलं, सापडला चोर. पण मल्टीमीटर लावण्याआधी बोर्डवरचे ट्रॅक, म्हणजे वीज नेणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, पाहिले तर ते दोन्ही पाय मुळातच ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्याला, जात होते. दिसायला ओंगळ, बाकी निरुपद्रवी. असे डाग सोडून द्यावेत असं माझं मत आहे. जुन्या बोर्डाला जितका कमी चटका तितकं बरं.

खरा दोष त्याच्या शेजारी होता आणि वरून अगदी चकचकीत होता. लाकडी टूथपिकने डाव्या चॅनेलची वायर हलकेच ढकलली तर अख्खा सांधा हलला. वायर, सोल्डर आणि खालची तांब्याची चकती, तिघं मिळून. पॅड सुटलेलं होतं. चकती आणि पुढे जाणारा ट्रॅक यांच्यामध्ये केसासारखी फट.

पॅड का सुटतं? बोर्डवरचं तांबं बहुतेक वेळा ३५ मायक्रॉनच्या आसपास जाडीचं असतं आणि ते राळेने खाली चिकटवलेलं असतं. उष्णतेने ती पकड ढिली होते. नुसत्या उष्णतेने सहसा काही होत नाही, पण त्याच क्षणी आयर्नने दाबलं किंवा सोल्डर वितळायच्या आत वायर ओढली की चकती उचलली जाते. सोल्डर वितळत नाही म्हणून माणूस जोर लावतो आणि जोर लावतो तेव्हाच नुकसान होतं.

इथे सोल्डर का वितळत नसावं, हे मला पुढच्याच टप्प्यात कळलं. आयर्न ३२० अंशांवर ठेवून मी कारखान्यातला एक जुना सांधा तपासला. तो लगेच पाणी झाला. आधीच्या माणसाच्या सांध्याला टिप लावली तर तो आधी दाणेदार झाला आणि मग कुरकुरत वितळला. म्हणजे त्याने शिसेविरहित सोल्डर वापरलं होतं. १९८९ चा बोर्ड कथिल आणि शिशाच्या सोल्डरचा. युरोपीय संघाचा शिशावर बंधन घालणारा नियम लागू झाला तो १ जुलै २००६ पासून. ६३/३७ प्रमाणातलं कथिल-शिसं १८३ अंशांना एकदम वितळतं, तर हल्लीचं कथिल-चांदी-तांब्याचं मिश्रण २१७ च्या पुढे. त्यात दोन्ही एकत्र आली की वितळणं एका ठरावीक अंशाला होत नाही, मधल्या पट्ट्यात ते लापशीसारखं राहतं. त्या अवस्थेत वायर हलली की सांध्यात सूक्ष्म भेगा पडतात.

त्यामुळे काढताना उलट वाटणारी गोष्ट करावी लागते: आधी आणखी सोल्डर घालायचं. प्रत्येक डागावर फ्लक्स लावला, त्यात शिशाचं ताजं सोल्डर थोडं मिसळलं, म्हणजे सगळा गोळा कमी तापमानाला वितळायला लागतो. मग वायर चिमट्याने उचलली. खेचली नाही, सोल्डर पूर्ण वितळलं की ती स्वतःच सुटते. उरलेलं सोल्डर तांब्याच्या ब्रेडने, म्हणजे बारीक तारांच्या विणलेल्या पट्टीने, टिपलं. ब्रेडलाही फ्लक्स लावायचा, कोरडी ब्रेड नुसतीच तापते. आणि ती पॅडवर घासायची नाही. वर ठेवायची, टिप तिच्यावर टेकवायची, सोल्डर शोषलं गेलं की ब्रेड आणि टिप दोन्ही एकदमच उचलायची. टिप आधी उचलली तर ब्रेड पॅडला चिकटून गोठते, आणि मग ती ओढली की आणखी एक चकती हातात.

ग्राउंडच्या पॅडवर मात्र ३२० अंशांतही काही हलेना. तिथे तांब्याचा मोठा पट्टा जोडलेला असतो, तो उष्णता शोषून पसरवतो. लोक इथे आयर्न ४०० च्या पुढे नेतात. मी टिप बदलली. टोकदार टिपच्या जागी रुंद, छिन्नीसारखी टिप लावली, तिच्यावर ओल्या सोल्डरचा थेंब घेतला आणि पूर्ण कड पॅडवर टेकवली. तापमान तेवढंच, पण टेकणारा भाग मोठा, म्हणून उष्णता लवकर पोचते. खूप बारीक टिप म्हणजे नाजूक काम, हा गैरसमज असंख्य पॅडांच्या मुळावर उठलाय.

आता तुटलेला डावा चॅनेल. चकती परत चिकटवण्यात अर्थ नव्हता, तिला जोडलेला ट्रॅकच तुटला होता. प्रश्न एवढाच की तो ट्रॅक कुठे जातो. मीटर बीपवर ठेवला (दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की तो वाजतो), एक टोक तुटलेल्या ट्रॅकच्या उरलेल्या भागावर आणि दुसरं टोक आसपासच्या पार्ट्सच्या पायांवर फिरवत गेलो. एका कपॅसिटरच्या पायाशी बीप वाजला. बोर्ड उजेडासमोर धरल्यावर ट्रॅकची सावलीही तिथेच जाताना दिसली. दोन्ही साक्षी जुळल्या.

ट्रॅकवरचा हिरवा लेप ब्लेडच्या टोकाने खरवडायचा असतो. कापायचं नाही, ब्लेड उभं धरून मागे ओढायचं, म्हणजे लेप पिठासारखा सुटतो आणि खाली गुलाबी तांबं दिसायला लागतं. फटीच्या पलीकडे दोन मिलिमीटर उघडं केलं, फ्लक्सचा ठिपका दिला आणि सोल्डरची पातळ कल्हई चढवली. तांबं झटकन रुपेरी झालं. ते रुपेरी होत नसेल तर लेपाचा अंश राहिलेला असतो. तापवत बसण्यापेक्षा पुन्हा खरवडावं.

वायर घेतली पाव मिलिमीटर जाडीची, एकतारी. तिचं एक टोक व्हॉल्यूमच्या पायाभोवती अर्धा वेढा देऊन सोल्डर केलं, दुसरं त्या खरवडलेल्या ट्रॅकवर आडवं झोपवलं. उभं टेकवलेलं टोक ओढलं की ट्रॅकही उचलतं; आडवं टोक ताण लांबीभर वाटून घेतं. वायर सरळ ताठ नेली नाही, मध्ये छोटं वळण ठेवलं. मग वायरीच्या मधोमध अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या सोल्डर मास्कचा, म्हणजे बोर्डवरच्यासारख्याच लेपाचा, एक थेंब, आणि तसाच एक ट्रॅकच्या टोकावर. आता वायरीला धक्का बसला तरी तो सांध्यापर्यंत पोचत नाही. सांधा गार झाल्यावर मीटरने दोन गोष्टी बघितल्या: कपॅसिटरपर्यंत बीप आहे ना, आणि ग्राउंडशी बीप नाही ना. दुसरी तपासणी लोक विसरतात.

प्रो-साउंडच्या वायरीही बदलल्या. या बदलात आवाज ॲम्प्लिफायरला जाण्याआधीच, व्हॉल्यूमच्या बटणापासून उचलतात, म्हणून त्यात ॲम्प्लिफायरची खरखर येत नाही. पण याच कारणाने तिथला सिग्नल नाजूक असतो आणि लांब, उघडी वायर वाटेतली खरखर उचलते. वायर आखूड केली, ग्राउंडची वायर सोबत पिळून नेली.

छटांचा गुंता जास्त मजेशीर होता. गेम बॉयच्या प्रत्येक ठिपक्याला दोन बिट असतात, म्हणून चार छटा. दोन बिट दोन वेगळ्या तारांनी पडद्याकडे जातात. बायव्हर्टमध्ये पडद्यावरची ध्रुवण फिल्म ९० अंशांनी फिरवतात, त्याने चित्र निगेटिव्ह होतं. मग त्या दोन तारांमध्ये उलटा करणारी चिप घालून ते पुन्हा सरळ करतात, आणि या दुहेरी उलटापालटीत काळा जास्त काळा होतो. चिप साधी, ७४एचसी०४, चौदा पायांची, आत सहा इन्व्हर्टर, म्हणजे शून्याचं एक आणि एकाचं शून्य करणारे भाग. चारांच्या जागी दोनच छटा म्हणजे एक बिट मेलेला, हे गणित यंत्र उघडण्याआधीच मांडता येत होतं. कोणता बिट, एवढंच बाकी होतं.

चिप उलटी, पाय वर करून चिकटवलेली होती. उलट्या चिपवर पाय मोजताना भल्याभल्यांची डावी-उजवी बाजू बदलते, म्हणून मी कागदावर आधी तसंच उलटं चित्र काढलं. १४ वर ५ व्होल्ट, ७ वर ग्राउंड, ते बरोबर होतं. पहिला पाय इनपुट, दुसरा आउटपुट, तेही ठीक. तिसऱ्या पायावरचा सांधा भिंगातून पाहिला तर सोल्डर गोल मण्यासारखं बसलेलं आणि पायाच्या कडेला काळी रेघ. चांगल्या सांध्यात सोल्डर धातूवर चढतं, त्याची कड आत वळलेली दिसते. इथे ते नुसतं टेकून बसलं होतं. बोर्डला बेताचा पुरवठा देऊन बोट त्या पायाजवळ नेलं, स्पर्श न करता, आणि पडद्यावरच्या छटा थरथरल्या. इनपुट अधांतरी होतं. अशा चिपचं मोकळं इनपुट जवळ येईल ते विद्युतक्षेत्र पकडतं आणि वाटेल तसं शून्य-एक करतं.

पाय खरवडून फ्लक्स लावला आणि ताजं सोल्डर दिलं. डोळ्यांदेखत ते पायावर चढलं. वायर तीच पाव मिलिमीटरची. न वापरलेल्या चार इन्व्हर्टरांची इनपुटंही, म्हणजे ५, ९, ११ आणि १३, तशीच मोकळी सोडलेली होती. ती सगळी ग्राउंडला जोडली. त्यामुळे छटा सुधारत नाहीत, पण चिप विनाकारण वीज खात नाही आणि आवाजात कुजबुज घालत नाही. न वापरलेली आउटपुटं मात्र मोकळीच ठेवायची. ती ग्राउंडला जोडणं ही नवीन चूक ठरते.

पडद्यावर एक उभी रेघ गायब होती, तिचा सोल्डरिंगशी संबंध नव्हता. पडद्याच्या खालच्या चपट्या रिबनची चिकटपट्टी ढिली होते. कमी तापमानाचा आयर्न रिबनवरून हलकेच सरकवला की बहुधा ती परत धरते. इथेही धरली.

सगळं परत जोडायच्या आधी वीज बंद ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजला. शॉर्ट नव्हता. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सेल न घालता विद्युतप्रवाहाला मर्यादा घालता येणारा सप्लाय वापरला. काही चुकलंच तर सप्लाय हात आखडता घेतो. सेल तसं करत नाहीत, ते देतच राहतात. चार छटा आल्या. हेडफोनमध्ये दोन्ही कान आले. आणि स्पीकरवरही फरक पडला, हे मला अपेक्षित नव्हतं. गेम बॉयमध्ये प्रत्येक स्वर डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे पाठवता येतो; एकाच स्पीकरमध्ये ते मिसळतात. डावा चॅनेल तुटलेला असताना त्या बाजूचे स्वर गाळूनच धून वाजत होती आणि मित्राला वर्षानुवर्षं ती तशीच ऐकायची सवय झाली होती.

उरला तो तिरकं धरल्यावर बंद पडायचा आजार. आधीच्या माणसाने पॉवर स्विचचे पाय पुन्हा पुन्हा तापवलेले दिसत होते; तिथलं सोल्डर निस्तेज आणि स्विचचं प्लास्टिक कडेने पिवळं. मी नवं सोल्डर घालण्याऐवजी यंत्र चालू ठेवून मीटर व्होल्टवर ठेवला आणि स्विचच्या दोन बाजूंना लावला. चांगल्या स्विचवर जवळजवळ शून्य यायला हवं. इथे आकडा हलत होता, कव्हर दाबलं की वाढायचा. सांधे शाबूत होते, आतल्या सरकत्या पट्ट्यांवर गंज चढला होता. या मॉडेलमध्ये हे नेहमीचंच, आणि बाहेरून कितीही सोल्डर केलं तरी ते आत पोचत नाही. सेल काढून स्विचच्या फटीत अल्कोहोलचे थेंब सोडले, तो बराच वेळ चालू-बंद करत राहिलो, वाळू दिला, आणि पुन्हा तेच केलं. आकडा स्थिर झाला. कव्हर दाबलं, तिरकं धरलं, हलवून पाहिलं. चालू राहिलं.

स्क्रू बसवताना झिजलेल्या खाचांचे सहाही स्क्रू बदलून टाकले.